आवड नावे, विजय जमा

बँकेतल्या माणसाने मारामारीवर लिहावं याचं कुणाला आश्चर्य वाटायचं कारण नाही. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या रांगेत ‘मी आधीच आलो होतो, फक्त चष्मा आणायला घरी गेलो होतो’ या एका वाक्यावरून जे युद्ध पेटतं, ते काचेच्या अलीकडून पाहण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट मी पक्की शिकलो. हरलेला माणूस कधीही ‘मी हरलो’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ही काय पद्धत झाली?’

आज मात्र मला लिहायचंय ते पडद्यावरच्या मारामारीबद्दल. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन खेळाडू, दोन पात्रं. प्रत्येकाच्या नावाने वर एक पट्टी असते. मार बसला की पट्टी आखडते, संपली की पात्र आडवं. मध्ये एक घड्याळ नव्व्याण्णवपासून उलटं मोजत असतं. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ बाजारात आणला आणि या खेळांची गिरणी सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. आमच्या पिढीला हे खेळ भेटले ते व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. तिथे टोकन घ्यावं लागायचं. पुढे मी बँकेत लागलो आणि दोन्हींतला फरक लक्षात आला. बँकेत टोकन मिळालं की पैसे यायचे, पार्लरमध्ये टोकन मिळालं की पैसे गेलेले असायचे.

तर या मारामारीवर चक्क एक तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे. नाव ‘प्लेइंग टू विन’, म्हणजे जिंकण्यासाठी खेळणं. लेखक डेव्हिड सर्लिन. हे अमेरिकन गृहस्थ स्पर्धांत खेळलेले आणि स्वतः खेळ तयार करणारे. आमच्या भाच्याने मला हा ग्रंथ दिला तो ‘मामा, गीता आहे ही, वाच’ असं म्हणून. वाचला. मी बी. कॉम. आहे, समीक्षक नव्हे. पण कुणीही ताळेबंद पुढे ठेवला की तो जुळतो का हे पाहिल्याशिवाय हात सुटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

सर्लिनसाहेबांचा सिद्धान्त असा. खेळात जे करता येतं ते सगळं करावं. समोरचा तोच तो आगीचा गोळा शंभरदा फेकत असेल, तर तक्रार करू नये, गोळ्यावर उपाय शोधावा. नाही सापडला तर तो जिंकला, संपलं. पण काही मंडळी मनातल्या मनात आपले नियम करून घेतात. ‘पकडून आपटणं म्हणजे शुद्ध लबाडी, कोपऱ्यात बसून गोळे मारणं म्हणजे मर्दपणा नव्हे.’ मग हरली की म्हणतात, समोरचा रडीचा डाव खेळला. अशा खेळाडूला इंग्रजीत ‘स्क्रब’ म्हणतात. मराठीत आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे, ‘रड्या’. सर्लिनचं म्हणणं, रडीचा डाव समोरचा खेळत नाही, जो ओरडतो तोच रड्या. कारण समोरचा खऱ्या खेळात जिंकला, आणि हा हरला तो स्वतःच रचलेल्या, इतर कुणालाही न सांगितलेल्या खेळात.

हे वाचताना मी दोन ठिकाणी मान डोलावली. आपल्याला हे काही नवं नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मांकड यांनी गोलंदाजी करता करता क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. नियमात बसत होतं. ब्राउनला याच दौऱ्यात आधी एकदा तसंच बाद केलेलं होतं, म्हणजे सूचना पोचलेली होती. खुद्द ब्रॅडमनने आत्मचरित्रात मांकडांची बाजू घेतली. तरी पुढची सत्तर वर्षं ‘मांकडिंग’ ही शिवी होऊन बसली. क्रीज सोडली कुणी आणि नाव खराब झालं कुणाचं! २०२२ साली क्रिकेटच्या कायदेकर्त्यांनी हे कलम ‘अयोग्य खेळ’ या सदरातून काढून साध्या ‘धावबाद’मध्ये टाकलं. पंचाहत्तर वर्षांनी नोंद योग्य खात्यावर गेली. आमच्याकडे एवढा उशीर झाला असता तर निदान एक चौकशी तरी लागली असती.

सर्लिन सरसकट सगळं चालू द्या असंही म्हणत नाही. बंदीसाठी त्याच्या तीन अटी आहेत. ती अंमलात आणता यावी, कशावर आहे ते स्पष्ट असावं आणि तिची खरोखर गरज असावी. ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’ या १९९४ च्या खेळात अकुमा नावाचं एक लपवलेलं पात्र होतं. हवेतून असे गोळे टाकायचं की इतरांना उत्तरच नव्हतं. त्याच्यावर स्पर्धांत बंदी आली, आणि सर्लिनही म्हणतो, बरोबर आली. इथपर्यंत हिशेब चोख आहे.

फरक लागायला सुरुवात होते ती पुढे. याच खेळात ‘ओल्ड सगात’ नावाचं एक अतिबलवान पात्र आहे. अमेरिकेत त्याला बंदी नव्हती. जपानात मात्र, सर्लिन स्वतःच सांगतो, जाणते खेळाडू एका अलिखित संकेताने त्याला टाळत. कुणी नियम केला नव्हता, परिपत्रक काढलं नव्हतं. आता बघा, मनातल्या नियमाने वागणारा पार्लरमधला पोरगा रड्या, आणि मनातल्याच नियमाने वागणारे जपानी उस्ताद सभ्य गृहस्थ? तर नाही. दोघांत फरक आहे, आणि तो फरकच माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा आहे. जपानी उस्ताद सगात घेत नव्हते, पण कुणी घेतला आणि त्याने हरवलं, तर त्याला लबाड म्हणून हिणवणं हा त्यांच्या संकेताचा भाग नव्हता. रड्याचा सगळा संकेत तेवढाच असतो.

म्हणजे प्रश्न आवडीचा नाहीच. प्रश्न आहे की आवडीचं बिल कुणाच्या नावे टाकायचं.

आता जिंकण्यासाठीच खेळायचं म्हटलं की होतं काय तेही पाहू. २००० साली आलेल्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम टू’मध्ये पात्रं होती ५६. मोठ्या स्पर्धांत मात्र पुन्हा पुन्हा दिसायची ती मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल, केबल अशी चार-पाच. बाकीच्यांना ‘तुझ्यासारखे छप्पन पाहिलेत’ असं म्हणायची सोय कंपनीनेच करून ठेवली होती! २०१८ साली अमेरिकेतल्या ‘इव्हो’ या सर्वांत नामांकित स्पर्धेत ‘स्मॅश ब्रदर्स’चा अंतिम सामना दोन्ही बाजूंनी बेयोनेटा हेच पात्र घेऊन खेळला गेला. नियमाप्रमाणे सगळं शुद्ध. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, कित्येक उठून गेले. खेळाडूंचा दोष शून्य. पण तिकीट काढून आलेला माणूस उठून जातो, तेव्हा ताळेबंदात कुठेतरी एक रक्कम राहून गेलेली असते.

आवडीच्या बाजूने बोलणारे लगेच दाखला देतात तो सिंगापूरच्या शियानचा. २०१३ च्या इव्होमध्ये त्याने गेन नावाचं म्हातारं, अवघड, फारसं कुणी न घेणारं पात्र घेऊन ‘स्ट्रीट फायटर फोर’चं विजेतेपद मारलं. दाखला खरा आहे, पण मी बँकेतला माणूस. एका लॉटरीवर कर्ज मंजूर करत नाही. आवडीचं पात्र घेऊन जिंकलेला एक लक्षात राहतो, हरलेले हजार घरी जातात. आवड बहुतेक वेळा महागच पडते. ती महाग पडत नाही असं सांगणारा माणूस पॉलिसी विकायला आलाय असं समजावं.

मग घ्यायची कशाला? यासाठी आमच्या भाच्याचंच उदाहरण देतो. तो ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ खेळतो. त्याचं लाडकं पात्र झांगीफ. हा रशियन पहिलवान, अंगावर केसांचं जंगल, चाल हत्तीची. गोळेबिळे नाहीत. समोरच्याचे चार फटके खात खात जवळ जायचं आणि एकदा हाताशी आला की उचलून असा आपटायचा की बघणाऱ्याची कंबर धरावी. जवळ पोचेपर्यंतच निम्मे सामने संपतात. भाचा सिल्व्हरमध्ये अडकला होता. गीता वाचल्यावर त्याने झांगीफ सोडला आणि केन घेतला. केन म्हणजे चपळ, सगळ्या बाजूंनी तयार. दीड महिन्यात प्लॅटिनमला पोचला. आणि त्यानंतर मशीनवर टॉवेल वाळत पडलेला दिसायला लागला.

मी विचारलं, ‘काय रे, जिंकायला लागलास आणि खेळायचं सोडलंस?’

‘मामा, जिंकतोय रे,’ तो म्हणाला, ‘पण मी जिंकतोय असं वाटत नाही. केन जिंकतोय असं वाटतं.’

‘मग झांगीफ घे.’

‘मग हरेन ना.’

‘हर की. फक्त हरल्यावर समोरच्याला शिव्या देऊ नकोस.’

यावर तो बराच वेळ गप्प होता. तरुण मुलं गप्प बसली की मामाने विजय मानून चहा मागावा.

सर्लिनवर माझा आक्षेप हा आहे, आणि तो वाणिज्य शाखेचा आहे. आवडीने किंमत मोजावी लागते हे त्याचं म्हणणं खरं. आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं, खर्च आणि तोटा नावे टाका. पण दुसऱ्या पानावर असं असतं की सगळा खर्च सारखा नव्हे. एक महसुली खर्च, उदाहरणार्थ विजेचं बिल. महिना संपला, खर्च संपला. दुसरा भांडवली खर्च, उदाहरणार्थ यंत्र. पैसे आज जातात, काम ते पुढे कितीतरी वर्षं देतं. दोन्ही नावेच्याच बाजूला लिहितात, म्हणून घाईत वाचणाऱ्याला सारखेच दिसतात. सर्लिनने झांगीफची आवड विजेच्या बिलात धरली. माझ्या मते ती यंत्रात धरायला हवी. कारण एखादा खेळ हजार तास खेळल्याशिवाय येत नाही, आणि हजार तास माणूस ज्याच्यासोबत बसू शकतो ते पात्र कागदावर सर्वांत बलवान असेलच असं नाही.

दाइगो उमेहारा या जपानी उस्तादाची गोष्ट सगळे सांगतात. २००४ च्या इव्होमध्ये पट्टी जवळजवळ संपलेली असताना त्याने चुन-लीच्या पंधरा लाथा, प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक पुढे ढकलून, एकेक करून परतवल्या आणि सामना मारला. आवडीचे भक्त हे सांगताना दोन गोष्टी गाळतात. एक, दाइगोच्या हातात केन होता, कुणी गरीब बिचारं पात्र नव्हे. दोन, तो नंतरच्या अंतिम सामन्यात यून घेतलेल्या केंजी ओबाताकडून हरला. पण जिंकण्याचे भक्तही एक गोष्ट गाळतात. लोक आजही जे पाहतात, ते हरलेल्या माणसाचं चलचित्र आहे. याच दाइगोने पुढे काही काळ खेळ सोडून वृद्धांच्या शुश्रूषेचं काम केलं, परत आला, आणि पुस्तक लिहिलं ते जिंकण्यावर नव्हे, जिंकत राहण्याच्या इच्छाशक्तीवर. एक शब्द वाढला की खातं बदलतं.

आणि गंमत म्हणजे सर्लिनलाही हे ठाऊक आहे. त्याच्याच ग्रंथात खेळाच्या प्रेमावर एक प्रकरण आहे, जिंकण्याकडे दुर्लक्ष करून खेळण्याबद्दल. याहून मोठा पुरावा त्याच्या हातून घडलेला आहे. २००८ साली ‘सुपर टर्बो’ची नवी आवृत्ती निघाली, तिचा मुख्य रचनाकार तोच. तिथे त्याने काय केलं? दुबळ्या पात्रांना बळ दिलं, झांगीफच्या बोटं मोडणाऱ्या चाली सोप्या केल्या. म्हणजे खेळाडूंना सांगायचं, तुमची आवड विसरा. आणि स्वतः रात्री जागून त्या आवडीची किंमत कमी करून ठेवायची. असे कडक दिसणारे आणि आतून कर्ज माफ करणारे साहेब आमच्या शाखेतही होऊन गेले.

एवढं सगळं बोलून हा ग्रंथ वाचावा की नाही? जरूर वाचावा. रड्यांनी दोनदा, विजेत्यांनी शेवटून. फक्त वाचून झाल्यावर आपलं पात्र आपण निवडावं, त्याची किंमत आपल्या खात्यातून भरावी आणि समोरच्याने गोळा मारला तर तो गोळाच आहे हे मान्य करावं. झांगीफला तो लागणारच. झांगीफ घेतानाच ते पासबुकावर छापून आलेलं असतं.