वर्गजाणीव आणि धोट्यातला धागा

कामगारांच्या दारिद्र्याला मार्क्सने क्रांतीचे पुरेसे कारण मानले नव्हते. उत्पादक शक्ती व उत्पादनसंबंध यांच्यातील विसंगती क्रांतीची भूमी तयार करते. तथापि समान परिस्थितीत जगणाऱ्या कामगारांना आपण एक वर्ग आहोत याची जाणीव व्हावी लागते. मराठीतील मार्क्सवादी समीक्षेने ही जाणीव पुष्कळदा गृहीत धरली.

मुंबईच्या गिरण्यांतील वास्तव निराळे होते. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे. उष्ट्याच्या विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्याबाहेर ठेवले जाई. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे ठेवला. म्हणजे जात ही केवळ वरच्या इमल्यातील भ्रामक जाणीव नव्हती. श्रमाची व वेतनाची विभागणी तीच करीत होती.

बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (संग्रह १९६३) या संदर्भात वाचावयास हवी. तिचा नायक रेल्वेतील कामगार आहे. जात झाकलेली असेतो त्याला स्नेह मिळतो. ती उघड होताच मारहाण. श्रमाचे साम्य येथे सोबत घडवते, ऐक्य नव्हे.

ही कथा मार्क्सच्या सिद्धांताचे खंडन करीत नाही. क्रांतीची कारणे शोधताना ती अडविणारी कारणेही उत्पादनसंबंधांतच शोधावीत, अशी तिची मागणी आहे. शरद् पाटील यांनी वर्ग व जात यांचा एकत्र विचार आग्रहाने मांडला. बागुलांच्या कथेत ती निकड आधीच अनुभवरूपाने अवतरली होती.