बंडखोर कुणाला म्हणायचे?

जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये (1899) हस्तिदंताचा व्यापारी कुर्ट्झ याच्या घरापुढच्या खांबांवर माणसांची मुंडकी खोचलेली आहेत. ती बंडखोरांची, असे निवेदक मार्लोला सांगितले जाते. काँगोच्या वाटेवर त्याने इथल्याच लोकांना शत्रू, गुन्हेगार, कामगार अशी नावे मिळालेली ऐकली आहेत. आता हे नवे. शत्रूंवर तोफा डागल्या जातात, गुन्हेगारांच्या गळ्यात साखळदंड पडतात, बंडखोरांची मुंडकी उडतात. नाव ठरले की शिक्षा आपोआप ठरते. साम्राज्याच्या भाषेवर त्या काळच्या इंग्रजी कादंबरीने केलेला इतका नेमका वार मला दुसरा ठाऊक नाही.

तरीही नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी 1975 साली कॉनरॅडवर वंशद्वेषाचा ठपका ठेवला आणि तो खोडून काढणे अवघड आहे. गोऱ्यांचे शब्द कॉनरॅडने अचूक पकडले. काळ्यांना मात्र दोनचार मोडक्या वाक्यांपलीकडे बोलूच दिले नाही. किपलिंगच्या ‘किम’मध्ये (1901) तर हेरगिरीला ‘खेळ’ म्हणतात आणि लेखकही त्या शब्दावर मनापासून लुब्ध आहे.

जॉर्ज ऑर्वेल 1922 ते 1927 ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. त्याच्या ‘बर्मीज डेज’मध्ये (1934) गोऱ्यांच्या क्लबचा बटलर, बर्फ टिकवणे कठीण झाले आहे, असे नीटनेटक्या इंग्रजीत सांगतो. एलिस हा गोरा सदस्य खवळतो. नोकराने कसे मोडकेतोडके बोलावे, ते तो स्वतः बोलून दाखवतो. बर्फाची तक्रार बाजूलाच राहते; साहेबाची भाषा साहेबासारखी बोलणे हाच अपराध ठरतो. ऊ पो क्यिन हा कपटी मॅजिस्ट्रेट मला ठोकळेबाज वाटतो, पण क्लबातली ही पाने अस्सल आहेत. ई. एम. फॉर्स्टर 1921 साली देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचा खासगी सचिव होता. त्याच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’त (1924) हिंदी डॉक्टर अझीझच्या अटकेनंतर इंग्रजांच्या क्लबात ‘बायकामुले’ हा शब्द घुमू लागतो आणि पुरुषांची सारासारबुद्धी सुटते.

या सगळ्यांवर कडी अचेबे यांनीच केली. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’च्या (1958) शेवटी नायक ओकोन्क्वोने गळफास घेतलेला असतो आणि जिल्हा अधिकारी मनात आपले पुस्तक जुळवत असतो. ज्या माणसासाठी आपण अख्खी कादंबरी वाचली, त्याला तिथे एखादा परिच्छेद पुरेल, असे अधिकाऱ्याचे मत. ‘आदिम’ टोळ्यांना ‘शांत’ केल्याची ती हकीकत असणार आहे.

ही भाषा पुस्तकांपुरती कधीच नव्हती. 1871 च्या कायद्याने हिंदुस्थानात जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 साली तो ‘उचल्या’ म्हणून स्वतःच्या आत्मकथनावर छापला.

म्हणून अभिजात कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांना आणि त्या वर्गात शिकवणाऱ्यांना एक विनंती: असे शब्द गाळू नका, गुळगुळीत करू नका. प्रत्येक शब्द कोण कुणाबद्दल उच्चारतो आणि त्यानंतर त्या माणसाचे काय होते, हे विद्यार्थ्यांना शोधायला लावा.