स्मार्टफोनवरील आभासी वास्तवातील हस्तमुक्त संचार : एक चिकित्सा

प्रस्तावना

गूगलने २०१४ मध्ये 'कार्डबोर्ड' हा पुठ्ठ्याचा अल्पमोली दर्शक सादर केला आणि आभासी वास्तव सामान्य माणसाच्या स्मार्टफोनपर्यंत पोहोचले. २०२१ मध्ये गूगलने त्याची विक्री थांबविली. तथापि त्यातून उपस्थित झालेला प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. फोन दर्शकात बसविला की त्याचा स्पर्शपडदा झाकला जातो. बाजूचे एखादे बटण सोडल्यास आज्ञा देण्यासाठी उरते ती केवळ डोक्याची हालचाल. फोनमधील जायरोस्कोप व त्वरणमापक डोके कोणीकडे वळले हे सांगतात; शरीर किती पुढे सरकले हे मात्र भरवशाने सांगू शकत नाहीत. मग आभासी जगात चालावयाचे कसे? या प्रश्नाच्या तीन उत्तरांचा परामर्श येथे घेतला आहे.

विवेचन

पहिले उत्तर 'स्वयंचलना'चे. यात नजरेच्या दिशेने वापरकर्ता आपोआप पुढे सरकतो. पद्धत सोपी आहे. परंतु पाहणे आणि जाणे एकाच इंद्रियावर सोपविल्यामुळे चालता चालता इकडेतिकडे पाहण्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते.

दुसरे उत्तर जागच्या जागी पावले टाकण्याचे. ट्रेगिलस व फोल्मर यांनी २०१६ मध्ये मांडलेली 'व्हीआर-स्टेप' पद्धत फोनच्या संवेदकांवरूनच पावले ओळखते. १८ जणांवरील चाचणीत कामगिरीच्या बाबतीत ती स्वयंचलनाहून सरस ठरली नाही. मात्र अधिक तल्लीन करणारी व सहज वाटली. दिशा मात्र येथेही नजरेचीच.

तिसरे उत्तर मान कलविण्याचे. ट्रेगिलस, अल झायर व फोल्मर यांच्या २०१७ च्या अभ्यासात २४ जणांनी अडथळे चुकवीत मार्ग काढला. केवळ मान कलविण्याची पद्धत हातातील नियंत्रकापेक्षाही वेगवान ठरली. नजर एकीकडे ठेवून दुसरीकडे सरकणे हिच्यामुळे शक्य झाले, हे तिचे खरे यश होय.

मर्यादा

तथापि वेग हा निकष सर्वत्र लागू पडत नाही. एखाद्या आभासी लेण्यात विद्यार्थ्याने छताकडे पाहण्यासाठी मान वर केली, तर ते पाहणे की मागे सरकण्याची आज्ञा? अडथळ्यांच्या शर्यतीत हा प्रश्न उद्भवत नाही. अध्ययनात तोच कळीचा ठरतो. तसेच २०१७ च्या अभ्यासात तुलना केलेल्या पद्धतींत मळमळीच्या बाबतीत फरक आढळला नाही, याचा अर्थ मळमळ होत नाही असा नव्हे. डोळ्यांना गती दिसते आणि अंतर्कर्णाला ती जाणवत नाही, ही मूळ विसंगती कायमच राहते. शिवाय मानेचे दुखणे असलेल्यास ही 'मुक्ती' नवे बंधन ठरू शकते.

समारोप

सारांश, हात मोकळे झाले म्हणजे वापरकर्ता मोकळा झाला असे नव्हे. हाताचे ओझे मानेवर आले इतकेच. म्हणून अशा पद्धतींचे मूल्यमापन करताना किती लवकर पोहोचता आले याबरोबरच वाटेत किती निवांतपणे पाहता आले, हेही मोजले जाणे आवश्यक आहे. शिक्षणासाठी या साधनाची निवड करताना दुसऱ्या निकषाला अग्रक्रम देणे उचित ठरेल.