जयंतीचे वाङ्मय आणि लोखंड्यांचा रविवार

एप्रिल उजाडला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वस्त्यांतून वर्गणीची पुस्तके फिरू लागतात. 11 एप्रिलला जोतीराव, 14 एप्रिलला बाबासाहेब, वैशाखात बुद्धपौर्णिमा, 6 मे रोजी शाहू महाराजांचा आणि 27 मे रोजी रमाईंचा स्मृतिदिन, 26 जूनला शाहूजयंती. या अडीच महिन्यांत आपल्या समाजात जेवढे बोलले, गायले आणि छापले जाते तेवढे उरलेल्या वर्षात क्वचितच होत असेल. कथा, कविता, आत्मकथने यांची चिकित्सा आपण केली. पण जे वाङ्मय सर्वांत जास्त माणसांच्या कानांवर पडते, त्या जयंतीच्या भाषणाकडे, हँडबिलाकडे आणि स्मरणिकेकडे आपल्या समीक्षेने वाङ्मय म्हणून फारसे पाहिलेले नाही.

ही चिकित्सा गॅलरीत उभे राहून वाहतूक अडल्याची तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने केलेली नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. पाडव्याची स्वागतयात्रा रस्त्यावरून गेली की ती संस्कृती आणि भीमजयंतीची मिरवणूक गेली की तो गोंगाट, हा न्याय आपल्याला पाठ आहे. 1927 साली महाडला तळ्याचे पाणी घ्यावे लागले आणि त्याच्या पुढच्याच वर्षी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात बाबासाहेबांची जयंती जाहीरपणे साजरी केली. सार्वजनिक पाण्याइतकाच सार्वजनिक रस्त्यावरचा हक्कही आपल्या लोकांनी झगडून मिळवला आहे. जयंती सोडून देण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो तिथे काय बोलले जाते याचा.

या भाषणाचा साचा ठरून गेला आहे. बालपणीचे अपमान, रात्रीचा अभ्यास, पदव्यांची यादी, ‘ते नसते तर आपण कुठे असतो’ हा सवाल, शेवटी एकीचे आवाहन आणि मान्यवरांचे सत्कार. यात खोटे काही नाही. पण या भाषणात कर्ता एकच असतो आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला कृतज्ञतेखेरीज दुसरे काम उरत नाही. ज्या चळवळीने माणसाला स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकवले, तिचे भाषण ऐकून माणूस हात जोडून घरी जातो.

जयंतीचे भाषण कसे असावे याचा दाखला बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात रानड्यांच्या 101 व्या जयंतीनिमित्त त्यांनी व्याख्यान दिले. त्यांनी केवळ आरती ओवाळली नाही. माणसाला थोर कशामुळे म्हणायचे, हाच प्रश्न आधी विचारला. समाजावर आसूड ओढणारा आणि त्याची घाण उपसणारा तो थोर, अशा आशयाची कसोटी लावून त्यांनी रानड्यांचे मोठेपण मान्य केले, उदारमतवाद्यांचे अपयश सांगितले आणि हयात पुढाऱ्यांच्या विभूतिपूजेवरही कोरडे ओढले. ही कसोटी आपल्या व्यासपीठांना लावून पाहू.

आपले बहुतेक कार्यक्रम ‘सर्वांच्या सोयीसाठी’ रविवारी ठेवले जातात. हा रविवार आपल्याला कोणी मिळवून दिला? नारायण मेघाजी लोखंडे 1848 साली ठाण्यातच जन्मले. रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी करून ते गिरणीत स्टोअरकीपर झाले. ते जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. 1880 पासून त्यांनी ‘दीनबंधू’ चालवला, 1884 साली गिरणी कामगारांची संघटना काढली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत भरलेल्या त्यांच्या सभेला सुमारे 10,000 कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रिया तिथे बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जोतीरावांनी तो दिवस पाहिला. 1897 साली प्लेगच्या साथीत लोखंडे गेले. 16 एप्रिल 1853 ला पहिली आगगाडी इथे आली, हे ठाण्याला पाठ आहे. पण त्या गाडीत कोंबून सहा दिवस कामावर जाणाऱ्याला सातवा दिवस ज्याने दिला, त्या ठाणेकराचे नाव आपल्या किती हँडबिलांवर असते?

लोखंड्यांनाही देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. त्यांच्या संघटनेला ना सभासद होते, ना निधी, ना नियम, हा इतिहासकारांचा आक्षेप खरा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की रविवार गिरणीतल्या सर्वांचा झाला, पण जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांसाठी बंदच राहिले. तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे आणि शेजारच्या सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. 1928 च्या संपात हा प्रश्न बाबासाहेबांना मांडावा लागला. कामगारांची एकी जातीच्या दाराशी अडते, हे तिथे उघड झाले. पुढे 1942 ते 1946 या काळात मजूरखाते बाबासाहेबांकडे आले. 1945 साली कारखाना कायद्यात भरपगारी रजेची तरतूद झाली आणि 1946 साली आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 झाले. ठाण्याच्या लोखंड्यांपासून मजूरमंत्री बाबासाहेबांपर्यंतची ही वाट आपल्या भाषणात आली, तर ऐकणाऱ्या कामगाराला त्यात स्वतःची हजेरी दिसेल.

आणि मग आजचा प्रश्न टाळता येणार नाही. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन्ही दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले आणि कामगार मेले. त्याच आठवड्यात रमाईंचा स्मृतिदिन येतो. गोवऱ्या थापून संसार ओढणाऱ्या रमाईंसाठी सभा डोळे पुसते, ते योग्यच आहे. पण सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस परत आला नाही, त्याच्या बायकोचे नाव किती व्यासपीठांवर उच्चारले जाते? 15 एप्रिलच्या पहाटे मिरवणुकीच्या पताका आणि पत्रावळी रस्त्यावरून कोण उचलतो? त्याला आठवड्याची सुट्टी मिळते का, की कंत्राटदार खाडा धरून पैसे कापतो? घाण उपसणाऱ्याला थोर म्हणणाऱ्या नेत्याची जयंती आपण करतो. मग खरोखरच घाण उपसणाऱ्या माणसाची विचारपूस जयंतीच्या हिशेबात आली पाहिजे.

यासाठी नवी वर्गणी लागत नाही. हँडबिलावर 24 एप्रिल आणि 10 जून या दोन तारखा वाढवाव्यात. मान्यवरांच्या सत्काराचा अर्धा तास कापून वस्तीतल्या सफाई कामगाराला आणि कारखान्यातल्या बाईला बोलायला द्यावा. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी वस्तीतल्या घराघरांत जाऊन कोणाला सुट्टी आहे, कोणाला नाही, कोणाची हजेरी मांडली जाते, याची वही भरावी आणि पुढच्या स्मरणिकेत नेत्यांच्या शुभेच्छांच्या जागी ती वही छापावी. 1890 साली दोन कामगार स्त्रिया हजारोंच्या सभेत उभ्या राहून बोलल्या. आपल्या मंडपात तेवढी जागा अजून झालेली नसेल, तर आपल्या भाषणांनी आणि समीक्षेनेही त्याचा जाब दिला पाहिजे.