राजाराव आला की आले? : कथेतील रानदैवताच्या नामकरणाचा प्रश्न

कथात्म साहित्यात रानातील अदृश्य शक्ती पात्र म्हणून अवतरते, तेव्हा लेखकापुढे पहिला प्रश्न तिच्या नावाचा उभा राहतो. वरवर पाहता हा प्रश्न कोशाचा वाटतो. ‘वनदेवता’ म्हणावे की ‘यक्ष’, लोकभाषेतला ‘चकवा’ घ्यावा की ‘वेताळ’, एवढीच ती निवड आहे असा समज होतो. प्रस्तुत निबंधाची भूमिका वेगळी आहे. हा प्रश्न मूलतः संबोधनाचा आहे. ते नाव कोण उच्चारतो, कोणत्या सीमेवर उभा राहून उच्चारतो आणि उच्चारल्यानंतर त्याच्यावर कोणते बंधन येते, यावर त्या पात्राचे कथेतील अस्तित्व अवलंबून असते.

या प्रश्नाचा विचार भिलाई-३ येथून करण्यास कारण आहे. ही वस्ती दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान, मुंबई-हावडा लोहमार्गावर, रेल्वेच्या यार्डाभोवती वाढली. तिच्या लगतच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. येथील वसाहतींना सेक्टरचे क्रमांक आहेत आणि गावाच्या नावातही आकडाच आहे. कारखान्याला लागणारे लोहखनिज मात्र दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येते, आणि तेथील साठे सरत आल्यावर ज्या रावघाटाकडे लक्ष वळले तो डोंगर गोंड समाजाच्या ‘राजाराव’ या देवाचे स्थान मानला जातो. आकड्याने ओळखली जाणारी वस्ती आणि देवाच्या नावाने ओळखला जाणारा डोंगर एकाच उत्पादनप्रक्रियेच्या दोन टोकांना आहेत. अठराव्या शतकातील नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांपासून या प्रदेशात मराठी बोलली जात आहे. येथे बसून मराठीत कथा लिहिणाऱ्याने रावघाटाच्या त्या देवाला काय म्हणावे?

मराठीपाशी शब्दांची वाण नाही. यक्षिणीची ‘जखीण’ झाली, अप्सरांच्या ‘आसरा’ झाल्या, अरबी मुळाचा ‘खवीस’ येथे कायमचा वस्तीला आला. अडचण आहे ती या शब्दांच्या वर्गीकरणाची. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोकणच्या लोकविद्येवरील ग्रंथात वेताळ, देवचार, मुंजा, गिऱ्हा, झोटिंग, हडळ ही सारी एकाच यादीत, भुतांचे प्रकार म्हणून येतात. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्या देवचाराला गावाचा राखणदार म्हणून मान दिला जातो, तो या यादीत हडळीच्या पंक्तीला बसतो. वसाहतकालीन संग्राहकाची ती सोय होती. पण पुढे आपल्याही अभ्यासाने आणि कथाकारांनी तीच पंगत कायम ठेवली. राखण करणारा आणि झपाटणारा यांतील भेद पुसला गेला की रानात शिरणारा माणूस फक्त भितो. परवानगी मागण्याची गरज त्याला उरत नाही. उलट ‘वनदेवता’ हा संस्कृत शब्द इतका शुद्ध आहे की तो कोणत्याही अरण्याला चालतो, आणि म्हणूनच कोणत्याही एका अरण्याचा होत नाही.

या भूभागातील सर्वांत मोलाचे उदाहरण मराठीत नसून एका मराठी घरातल्या हिंदी कवीपाशी सापडते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. राजनांदगाव तेव्हा दुर्ग जिल्ह्यातच होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, हेही तौलनिक अभ्यासकाने विसरू नये. १९६४ च्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहातील ‘ब्रह्मराक्षस’ या दीर्घ कवितेतील सत्त्व शहराबाहेरच्या ओसाड विहिरीत राहते, अखंड अंग घासत असते आणि वैदिक ऋचांपासून मार्क्सपर्यंत सर्वांवर भाष्य करते. मुक्तिबोधांनी निवडलेले नाव मराठी आणि हिंदी या दोन्ही लोकसमजुतींत सारखेच नांदणारे आहे. विद्या असूनही मुक्ती न मिळालेल्या विद्वान ब्राह्मणाचे ते भूत. म्हणजे या नावातच एक अपुरे राहिलेले कर्तव्य आहे. म्हणूनच कवितेतील निवेदकाला शेवटी त्याचे शिष्यत्व हवेसे वाटते. नुसत्या ‘पिशाच्चा’चे शिष्यत्व कोणी मागणार नाही.

याच कवितेतील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. विहिरीला वेढून उभी असलेली झाडे मुक्तिबोधांच्या शब्दयोजनेत ‘औदुंबर’ आहेत. हिंदीत या झाडाला गूलर म्हणतात, छत्तीसगढीत डूमर. संस्कृतप्रचुर शैलीचा भाग म्हणून हा शब्द सोडून देता येईल; परंतु दत्ताच्या झाडाखाली वाढलेल्या मराठी कानाला त्यात घरचा आवाज ऐकू येतो, आणि मला तो योगायोग वाटत नाही. सत्त्वाचे नाव सर्वदूर चालणारे घेतले, तर त्याचे झाड तरी आपल्या भाषेतले हवे, अशी काहीशी ही तडजोड आहे. नाव एकटे येत नाही. ते झाड, पाणी, वाट घेऊन येते.

आता अरण्याकडे वळू. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘आरण्यक’ (१९३९) मध्ये रानम्हशींचा देव आहे, टांडबारो. शिकाऱ्यांनी खणलेल्या खड्ड्याच्या वाटेवर तो हात उंचावून उभा राहतो आणि कळपाला परत फिरवतो, अशी ती कथा. निवेदक सत्यचरण हा जमीनदारीचा व्यवस्थापक आहे, आणि तेच अरण्य कुळांना वाटून नष्ट करण्याचे काम त्याच्याकडे आहे. विभूतिभूषणांनी या देवाला बंगाली शिष्टभाषेतले नाव दिले नाही. नावातला ‘टांड’ म्हणजे माळावरची नांगर न लागलेली जमीन. रान मोडून जी वहितीखाली आणली जाते नेमकी ती. पुढे कलकत्त्याच्या रस्त्यावर गाडीला जुंपलेल्या म्हशीला आसूड बसतो तेव्हा सत्यचरणाला टांडबारो आठवतो. या प्रसंगाचे सारे बळ नावात आहे. तेथे ‘वनदेव’ लिहिले असते तर वाक्य हळवे झाले असते इतकेच. टांडबारो म्हटल्यामुळे एका विशिष्ट राखणदाराची विशिष्ट अनुपस्थिती जाणवते. मराठी अनुवादकाला येथे एकच धोका : ‘टांड’ वाचून आपल्या वाचकाला बंजाऱ्यांचा तांडा आठवण्याचा. तो पत्करावा. तळटीप देऊन देवाला ओळखपत्र चिकटवण्यापेक्षा तो बरा.

महाश्वेतादेवींची ‘टेरोड्याक्टिल, पूरन सहाय ओ पिरथा’ ही कथा याच्या विरुद्ध टोकाला जाते. मध्य प्रदेशातील एका कल्पित आदिवासी भागात बिखिया नावाचा मुलगा भिंतीवर एक आकृती काढतो. ती पूर्वजांचा आत्मा आहे. तिला नाव आहे ते फक्त बाहेरच्या जगाचे, जीवशास्त्राच्या पुस्तकातले. बिखिया बोलत नाही आणि पत्रकार पूरन छापत नाही. नामकरण न करणे हाही नामकरणाचाच एक निर्णय असू शकतो, हे या कथेने दाखवले. मात्र ही वाट वारंवार चालण्याजोगी नाही. अनामिकता ही सवय झाली की ती निव्वळ गूढता होते.

कल्पित नावाचा मार्ग राहिला. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटातील ‘हस्तर’ हे तसे नाव आहे. बिअर्सच्या कथेतील ‘हास्तूर’ या मेंढपाळांच्या देवाची आठवण ते करून देते, तरी कानाला परके वाटत नाही. ज्या शक्तीचे कोणी जिवंत उपासक नाहीत, किंवा जिला कथेत दुष्ट ठरवायचे आहे, तिला घडवलेले नाव देणे हेच उचित. पण डोंगर खरा, खाण खरी, माणसे ओळखू येणारी आणि देवाचे नाव तेवढे बनावट, अशी कथा ज्याचा दावा आहे त्यालाच साक्षीदारांच्या यादीतून वगळते. हे केवळ अलंकारिक विधान नव्हे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरी प्रकरणी ओडिशातील ग्रामसभांपुढे बॉक्साइट खाणीचा प्रश्न ठेवला, तेव्हा डोंगरिया कोंधांच्या ‘नियमराजा’चे नाव न्यायालयीन कागदावर आले, त्याच वर्षी बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. ‘एक वनदेवता’ अशा उल्लेखावर हक्क सांगता आला नसता.

म्हणून रावघाटाच्या देवाला ‘राजाराव’च म्हणावे, असे माझे मत आहे. आता खरी मराठी अडचण सुरू होते. आपल्या कानाला ‘राव’ म्हणजे माधवराव, बाजीराव. मराठी वाचक या नावात एखादा सरदार किंवा मालगुजार ऐकेल, आणि छत्तीसगडमध्ये मराठ्यांचा अंमल होता हे लक्षात घेता हा गैरसमज निरुपद्रवी नाही. डोंगराचा देव वाक्यात शिरता शिरताच वसुली करणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसेल. यावर उपाय शब्द बदलण्यात नसून क्रियापदात आहे. मराठीत माधवराव ‘आले’, पण विठोबा ‘आला’. माणसाला आदरार्थी बहुवचन, देवाला जवळिकीचे एकवचन. शिवाय ‘राव’ असूनही देव असलेला एक आपल्या घरी आधीपासून आहे. जेजुरीचा खंडेराव भक्ताच्या तोंडी ‘येतो’, ‘जातो’, ‘रुसतो’. त्याच्या नावातील ‘राव’ कोणालाही बहुवचनात बोलायला लावत नाही. कथेत गोंड म्हातारी ‘राजाराव आला’ म्हणेल आणि भिलाई-३ हून सर्वेक्षणासाठी गेलेला मराठी कारकून ऐकलेले नाव वहीत उतरवताना ‘राजाराव आले होते’ असे लिहील, तर त्या दोन क्रियापदांमधले अंतर निवेदकाने वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही.