घामाचे शरीर आणि आरशातले शरीर

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) या चित्रपटाच्या शेवटी जब्या आपल्या घरच्यांबरोबर डुकरामागे धावतो. धावणे, दबा धरणे, झडप घालणे, वजन पेलणे : कबड्डीच्या मैदानावर ज्या गुणांना टाळ्या पडतात, तेच गुण येथे हसण्यावारी जातात. कारण पाहणाऱ्यांना शरीर दिसत नाही, जात दिसते.

माझ्या वर्गातील मुले पहाटे जिममध्ये जातात. ‘सर, बॉडी बनवतोय,’ म्हणतात. त्यांतल्या काहींचे बाप हमाली करतात. पोती वाहून बापाची पाठ घडली, तिला कुणी ‘बॉडी’ म्हणत नाही. मुलगाही म्हणत नाही. श्रमाने घडलेले शरीर हीन आणि फुरसतीने घडवलेले सुंदर, ही श्रमाला विटाळ मानणाऱ्या व्यवस्थेचीच सौंदर्यदृष्टी आहे. आज तीच पडद्यावरच्या नायकाच्या उघड्या छातीतून आपल्या वस्तीत शिरली आहे.

आपले काही ज्येष्ठ कार्यकर्ते याला चंगळवाद म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. ज्याच्या आजोबांना मान खाली घालून चालावे लागले, त्याला छाती काढून चालावेसे वाटणे यात स्वाभिमानही आहे. पण या स्वाभिमानाचा गिऱ्हाईक म्हणून वापर होतो, हे पाहिले पाहिजे. शिष्यवृत्तीचे पैसे पावडरच्या डब्यात जातात. पुढे कुणी स्टेरॉइडची इंजेक्शने सुचवतो. त्यांनी स्नायू फुगतात. पण शरीराची स्वतःची पुरुषी संप्रेरके बनवण्याची क्रिया मंदावते, शुक्रजंतू घटतात, हृदयावर ताण येतो. पुरुषार्थ विकत घ्यायला गेलेला मुलगा तोच गमावून बसतो.

बलोपासना आपल्याला परकी नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. 1848 साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा लहुजींचे बळ त्या कार्याच्या पाठीशी उभे राहिले. त्या तालमीतला दंड आरशासाठी नव्हता, माणसांसाठी होता.

दलित साहित्याने प्रस्थापितांच्या सौंदर्याच्या कसोट्या नाकारल्या. तो नकार आता शरीरापर्यंत नेला पाहिजे. आपल्या मुलांनी जोर-बैठका जरूर काढाव्यात. परंतु बापाच्या पाठीची लाज वाटायला लावणारी कसोटी त्यांनी मानू नये. हे त्यांना वर्गात सांगणे आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि वस्तीत सांगणे कार्यकर्त्यांचे.