हिरवळीवरचे इंजिन आणि त्याचा वारा

हिरवळ कापणाऱ्या यंत्राचा इतिहास बहुधा पात्याचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने कात्रीसारखे कापणारे, दंडगोलावर पाती बसवलेले यंत्र केले. पुढे १९५२ साली सिडनीच्या काँकर्ड उपनगरात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांनी व्हिलियर्सचे छोटे इंजिन आडवे पाडले, त्याच्या उभ्या झालेल्या दांड्याला फिरते पाते जोडले आणि पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा वापरला. त्यातूनच 'व्हिक्टा' हा उद्योग उभा राहिला. डब्याची गोष्ट सर्वांना आवडते. आम्हांला मात्र या यंत्रांची परीक्षा त्यांचे इंजिन थंड कसे राहते यावर करावीशी वाटते, आणि त्या परीक्षेत त्यांना पूर्ण गुण देता येत नाहीत.

मोटारसायकलच्या इंजिनावर धातूच्या कडा असतात. मेकॅनिक त्यांना फिन्स म्हणतात. 'क्षेत्रफळ वाढते, म्हणून इंजिन थंड राहते' असे आपण वर्गात सांगतो. हे अर्धेच खरे आहे. मोटारसायकल धावते, म्हणून तिला वारा फुकट मिळतो. हिरवळीवरचे यंत्र माणसाच्या चालीने जाते आणि इंजिन मात्र सतत भाराखाली असते.

थोडे गणित करून पाहू. दीड किलोवॉट शक्ती देणारे, २० टक्के कार्यक्षमतेचे इंजिन इंधनातून दर सेकंदाला ७.५ किलोज्यूल ऊर्जा घेते. त्यातील साधारण एक तृतीयांश, म्हणजे २.५ किलोज्यूल, सिलिंडरच्या भिंतीतून बाहेर गेली पाहिजे. न्हाणीघरातला २ किलोवॉटचा गिझरही एवढी उष्णता देत नाही! फिन्स हवेपेक्षा १५० अंश सेल्सिअसने गरम आहेत असे धरले, तर संथ हवेत एका चौरस मीटरमधून जेमतेम दीड किलोवॉट उष्णता निघते. म्हणजे सुमारे १.७ चौरस मीटर पृष्ठभाग हवा, एका माणसाच्या पलंगाएवढा. वाऱ्याच्या झोतात हीच उष्णता आठपट वेगाने निघते असे मानले, तर ०.२ चौरस मीटर पुरते, म्हणजे ए-फोर आकाराचे तीन-साडेतीन कागद. एवढ्या फिन्स छोट्या सिलिंडरवर सहज मावतात.

हा झोत निर्माण करण्याची युक्ती खरोखर सुंदर आहे. फ्लायव्हीलच्या कडेवरच पंख्याची पाती ओतलेली असतात. ठिणगीसाठी लागणारे चुंबकही त्याच चाकात. वरून पत्र्याचे झाकण, आणि ते हवेला वाट करून देत फिन्समधून ढकलते. जुन्या पेट्रोल चेतक स्कूटरच्या इंजिनावर हीच रचना होती. 'झाकण काढले की इंजिनाला मोकळी हवा मिळेल' असे कुणालाही वाटते, पण झाकण काढल्यावर पंख्याचा वारा आजूबाजूला उधळला जातो, फिन्सच्या फटीत शिरतच नाही, आणि इंजिन तापते. हा मुद्दा विद्यार्थ्यांशी जरूर बोलावा.

१९५३ साली अमेरिकेत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने अशा यंत्रांसाठी ॲल्युमिनियमचे हलके इंजिन आणले. शुद्ध ॲल्युमिनियम बिडापेक्षा चौपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. मिश्रधातूत हा फायदा कमी होतो, तरी उरतोच. 'कूल बोअर' या प्रकारात तर सिलिंडरला बिडाचे अस्तरही नव्हते. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर क्रोमचा मुलामा दिलेला पिस्टन घासत असे. उष्णता लवकर निघे, पण भिंत लवकर झिजे. म्हणून जास्त राबणाऱ्या इंजिनांना बिडाचे अस्तर परत द्यावे लागले. हा सौदा निदान उघड होता.

आमचा खरा आक्षेप गव्हर्नरवर आहे. यातील अनेक इंजिनांत वेग राखण्याचे काम थंड करणाऱ्या त्याच वाऱ्याकडे सोपवलेले असते. झाकणाच्या आत एक हलकी पट्टी असते. वेग वाढला की वारा तिला ढकलतो आणि थ्रॉटल मिटतो. वेग उतरला की स्प्रिंग थ्रॉटल उघडते. स्वस्त आणि चतुर! पण ओल्या, दाट गवतात काय होते पाहा. भार वाढतो, वेग उतरतो, वारा कमी होतो. थ्रॉटल उघडतो, इंधन जास्त जळते, उष्णता वाढते. नेमक्या गरजेच्या वेळी पंखा मंदावलेला असतो. त्यात वरची जाळी गवताने बुजली तर पट्टीला वाराच लागत नाही. वेग उतरला अशीच तिची 'समजूत' होते आणि ती थ्रॉटल आणखी उघडते. इंजिन कमी हवेत जास्त धावू लागते. गवत उडवणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ही अडचण आधीच कळायला हवी होती.

काहींनी फ्लायव्हीलबरोबर फिरणारी जाळी दिली, ती कचरा झटकून टाकते. स्थिर जाळीपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे. तरीही बारीक तुकडे आत जातात, तेलकट फिन्सना चिकटून वाळतात आणि कालांतराने तिथे उष्णतारोधक गादी तयार होते. ती झाकणाखाली असते, म्हणून दिसत नाही. झाकण काढायचे तर स्क्रू सोडवा, अनेकदा दोर ओढण्याची चकतीही उतरवा. सिलिंडरच्या बाजूला बोटभर रुंदीची सरकती झडप ठेवली असती, तर साध्या ब्रशने दोन मिनिटांत काम झाले असते.